परतीच्या दिवसाची कुऱ्हाड

१

गुरुवारी सकाळी कोर्टाच्या दालनातलं काचेचं कपाट फुटलेलं नव्हतं, उघडंही नव्हतं. कडी जागच्या जागी होती, काच लख्ख होती, आतलं मखमलीचं कापड एक सुरकुती न पडता पसरलेलं होतं. नव्हती ती फक्त कुऱ्हाड.

ऑगस्टा टनेल यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. कुऱ्हाड काही परत आली नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः तिचं पातं घासूनपुसून ठेवलं होतं.

"घ्या! आता या गावात हेही चोरीला जायला लागलं," त्या रिकाम्या दालनाला म्हणाल्या.

खरं तर ती कुऱ्हाड भंगारात नेली असती तर भंगारवाल्यानंही तोंड वाकडं केलं असतं. पण अमेरिकेतल्या या ससेक्स जिल्ह्यात तिचं मोल निराळं. डेलावेर राज्याच्या या दक्षिण टोकाला निवडणूक मंगळवारी होते आणि गुरुवारी येतो 'परतीचा दिवस'. जुन्या काळी मतं टाकून घरी गेलेले लोक निकाल ऐकायला कोर्टापुढच्या चौकात परत येत, म्हणून हे नाव. त्या दिवशी जिंकलेला आणि हरलेला एकाच घोडागाडीत बसून गावातून फिरतात, हरलेल्यानं घोड्यांकडे पाठ करायची. मग गाढववाल्यांचा अध्यक्ष आणि हत्तीवाल्यांचा अध्यक्ष (पक्षांच्या निशाण्या या देशात अशाच आहेत, त्याला कोण काय करणार) एकाच दांड्याला हात लावून कुऱ्हाड वाळूच्या पेटीत पुरतात. कुऱ्हाड पुरली की वैर संपलं. त्यानंतर निवडणुकीत कोण काय बोललं हा विषय कुणी कुणापाशी काढायचा नाही. हा नियम कुणी कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो आजवर कुणी मोडलेला नाही.

यंदा त्या कुऱ्हाडीवर ऑगस्टाबाईंचा जीव अडकला होता. अख्ख्या राज्याला वॉशिंग्टनातल्या प्रतिनिधिगृहात एकच जागा, आणि त्या जागेसाठी भांडले कोण, तर त्यांचीच माणसं. गाढववाल्यांकडून त्यांची थोरली भाची डेल्फिन ट्रुइट, आणि हत्तीवाल्यांकडून कोंबड्या पाळणारा शेतकरी कॅल्विन मेसिक, म्हणजे धाकट्या भाचीचा, नेलचा, नवरा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं झालं होतं. डेल्फिनच्या जाहिरातीत हिरवं शेवाळ धरलेला एक ओढा दाखवला आणि खाली लिहिलं, कॅल मेसिकच्या कोंबड्यांनी याची ही दशा केली. कॅल्विननं शेवटच्या वादसभेत उत्तर दिलं, "जिच्या घरात पाळणा हलला नाही, तिला शाळेतल्या लेकरांचं काय कळणार?"

डेल्फिन जिल्ह्याच्या शाळांची प्रमुख होती. तिची दोन मुलं पोटातच गेली होती, आणि दोन्ही वेळा तिला दवाखान्यात नेणारी गाडी कॅल्विननंच चालवली होती.

टोला डेल्फिनला हाणला होता, पण ऑगस्टाबाईंनाही तो लागला. त्यांच्याही घरात पाळणा हललेला नव्हता. बहीण गेल्यावर या दोन भाच्या आणि हा तोंडाळ जावई हेच त्यांचं घर. त्या सभेनंतर डेल्फिन आणि कॅल्विन एकमेकांशी चकार शब्द बोलली नव्हती. मंगळवारी डेल्फिन थोडक्या मतांनी जिंकली तरी तिच्या घरी नेल गेली नाही, आणि आपल्या घरात नेल हसली नाही. आज ही दोघं एका गाडीत बसली नाहीत तर पुन्हा एका टेबलावर बसणार नाहीत, हे ऑगस्टाबाईंना पुरतं ठाऊक होतं.

मागे पावलं वाजली. कॅल्विन दारात उभा होता, मिरवणुकीचा काळा कोट घालून, अंत्ययात्रेला निघाल्यासारखा.

त्यानं रिकाम्या कपाटाकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"कुऱ्हाड नाही? मग मावशी, मीही गाडीत बसत नाही."

२

ऑगस्टाबाईंनी चाळीस वर्षं गावचं साप्ताहिक चालवलं होतं. माणूस खोटं कधी बोलतो यापेक्षा खरं कधी गिळतो, हे त्यांना लवकर कळायचं. निवृत्त झाल्यावर हे शहाणपण भाजीवाल्यावर आणि पाद्रीबुवांवर वाया चाललं होतं. आज ते कामाला आलं.

त्या आधी कोर्टाच्या मागच्या अंगणात गेल्या. तिथे खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर अख्खा बैल कालपासून भाजला जात होता. दुपारी त्याचं मांस पावात घालून साऱ्या गावाला फुकट वाटायचं असतं. वेस लिंगो हा धिप्पाड माणूस निखाऱ्यांची राखण करत होता. त्याचे हात कोपरापर्यंत चरबीनं आणि काजळीनं माखलेले होते.

"वेस, कुऱ्हाड गेली."

"ऐकलं, बाई. माझ्यावर संशय असेल तर माझ्या मुलाला सांगू नका, त्याला आनंद होईल."

"तुझ्यावर कशाला? कपाटाच्या काचेवर एक बोट उमटलेलं नाही. तू कडीला हात लावला असतास तर आज पोलिसांना तिथे बटाटे तळता आले असते. पहाटे इकडे कोण कोण आलं होतं ते सांग."

वेसनं विचार केला. "कॅल आला. गाडीच्या चाकांना वंगण घालून गेला. हरला तरी कामाचा माणूस. डेल्फिन ड्रायव्हरबरोबर मोटारीतून आली, आतच बसून राहिली, काच खाली न करता गेली. बर्ट हिचेन्स झेंडे मोजायला आला. नेल माझ्यासाठी कॉफी घेऊन आली, देव तिचं भलं करो. मी मधूनमधून लाकडं आणायला पलीकडे जात होतो. तेवढ्यात कोर्टात कुणीही जाऊन येऊ शकलं असतं. मागचं दार उघडंच होतं."

"कुणाच्या हातात काही दिसलं?"

"कॉफीखेरीज मला काही दिसत नाही, बाई, पहाटेचं."

अंगणाच्या कडेला उंच चाकांचा गाडा उभा होता आणि त्यावर वाळूची खोल पेटी. ती वाळू दर वेळी लुइसच्या समुद्रकिनाऱ्यावरून येते. कितीतरी निवडणुका ती कॅल्विनच्याच ट्रकमधून येत होती, आणि काल हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही तो मुकाट्यानं ती भरून घेऊन आला होता. ऑगस्टाबाईंनी टाचा उंचावून आत पाहिलं. वाऱ्यानं वरचा थर वाळून पिठासारखा पांढरा झाला होता. एका कोपऱ्यात मात्र ताटाएवढा काळपट, ओलसर डाग होता.

"हे काय रे?"

"मांजर असेल," वेस म्हणाला. "कोर्टातलं ते पिवळं. त्याला वाटतं ही त्याच्यासाठीच आणलीय. आता तुम्हीच बघा, मी काही हात घालणार नाही."

हात तर ऑगस्टाबाईही घालणार नव्हत्या. कुऱ्हाडीच्या आधी त्या वाळूत हात घालायचा नाही, घातला तर भांडण लांबतं, असं ससेक्सातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या मांजराला मनातल्या मनात शिव्या देत वळल्या.

वळल्या त्या थेट बर्ट हिचेन्सच्या पोटावर आदळल्या. आणि बर्टच्या हातात कुऱ्हाड होती.

३

"अगं, हळू! लागेल!" बर्ट म्हणाला.

कुऱ्हाड नवी कोरी होती. दांड्याला दुकानाची किमतीची चिठ्ठी लटकत होती. बर्ट हा हत्तीवाल्यांचा जिल्हाध्यक्ष आणि गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. पोट इतकं की टेबलाशी बसला तर ताट त्याच्यापासून हातभर लांब राहायचं.

"तुला कशी रे इतक्या लवकर सुचली ही?"

"चोराच्या मनात चांदणं, असंच म्हणायचंय ना तुला? बातमी कळली, दुकान उघडलं, घेऊन आलो. थोडी राख चोळू, कोण ओळखतंय?"

"मी ओळखते. आणि कॅल आत्ताच म्हणाला, तीच कुऱ्हाड नसेल तर तो गाडीत बसणार नाही."

बर्टनं आवाज खाली आणला. "बसू नये त्यानं. ऑगस्टा, तुझी भाची असली तरी बोलतो. ती त्या ओढ्यावर निवडून आली. सगळी मतं त्या शेवाळानं खाल्ली. मला एवढंसं निमित्त मिळू दे, मी मोजणीच काय, अख्खी निवडणूक कोर्टात नेतो."

"म्हणजे मिरवणूक मोडली तर तुला बरंच."

"मला? मी पहाटे उठून झेंडे मोजले, बाई! बायकोनं नवा सदरा शिवलाय!" बर्ट खरोखरच दुखावला. त्याचं हे दुखावणं अस्सल होतं. ऑगस्टाबाईंनी त्याचा गाल थोपटला आणि कॅल्विनला गाठलं.

तो कोर्टाच्या पायरीवर बसला होता.

"कॅल, खरं सांग. तू घेतलीस?"

"मी घेतली असती तर उजळ माथ्यानं घेतली असती, मावशी. मी हरलोय, चोर नाही झालो." तो बोटं मोडत राहिला. "पण गेली ते बरं झालं. नाहीतर मला डेलसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं असतं. हसावं लागलं असतं. मग कुऱ्हाड पुरणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि संपलं. झाकलं."

"झाकलं तर बरंच की."

"बरं?" त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. "ते पाळण्याचं वाक्य मला रोज ऐकू येतं. कोंबड्यांना दाणे टाकताना ऐकू येतं. आणि तो ओढा माझा नव्हताच, मावशी. माझा ओढा मला माहीत नाही का? पण हरलेल्याचं कोण ऐकतं."

ऑगस्टाबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांना त्याला एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता त्या उठल्या, कारण समोरून डेल्फिन येत होती, आणि तिच्या उजव्या हातावर खांद्यापर्यंत प्लास्टर होतं.

४

प्लास्टरची गोष्ट गावाला माहीत होती. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात डेल्फिन व्यासपीठावरून पडली होती. शाळेतल्या मुलांनी त्यावर इतक्या सह्या केल्या होत्या की पांढरी जागा शोधावी लागे.

कॅल्विन तिला पाहताच उठून कोर्टाच्या दुसऱ्या दारानं निघून गेला. डेल्फिननं त्याच्या पाठीकडे पाहिलं, तो दिसेनासा होईपर्यंत.

"म्हणजे आज काही नाही तर," ती म्हणाली. तिचा आवाजही हलका झाला होता. "मी घरी जाऊ?"

"जिंकलेली बाई घरी जाते होय? पहाटे इथे मोटारीत बसून काय करत होतीस?"

"धीर गोळा करत होते. कॅल चाकांना वंगण घालत होता. जावं, बोलावं, असं वाटलं. नाही जमलं."

"काय बोलायचं होतं? त्यानं माफी मागायला हवी, तू नाही."

डेल्फिन प्लास्टरवरच्या सह्या वाचू लागली. एक वाचली, दुसरी वाचली.

"डेल, मी त्या ओढ्याबद्दल काही विचारलं नाहीये अजून."

"मग विचारू नकोस, मावशी. कृपा कर." ती मोठी बाई, उद्या वॉशिंग्टनला जाणारी, आणि दहा वर्षांच्या पोरीसारखी पाठ फिरवून उभी राहिली.

इतक्यात नेल आली, हातात गरम पाव. अंगात कॅल्विनचा शेतावरचा कोट, बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. बहिणीला पाव दिला, पण नजर दिली नाही.

"आज सणासुदीला हे काय ध्यान?" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तुझा निळा कोट कुठे गेला?"

"धुवायला टाकला. कॉफी सांडली." नेलनं मावशीच्या हातातही पाव कोंबला. "तू खाऊन घे आधी. सकाळपासून उपाशी फिरतेयस. सापडेल गं ती. जाते कुठे?"

"तुला बरा भरवसा!"

"गावातलं कोण नेणार तिला?" नेल जायला निघाली आणि थबकली. "मावशी, काल तू तिला तेल लावलं होतंस ना? नीट?"

"लावलं होतं की बोटभर. का गं?"

"काही नाही, सहज," नेल म्हणाली आणि घाईघाईनं निघून गेली.

ऑगस्टाबाईंनी पावाचा घास घेतला. चावता चावता त्या थांबल्या. सकाळपासून गावातल्या प्रत्येकानं त्यांना विचारलं होतं, कुणी नेली, कशी नेली, कधी नेली. हा प्रश्न एकट्या नेलनं विचारला होता.

घास तसाच तोंडात ठेवून त्या मागच्या अंगणाकडे चालू लागल्या.

५

तासाभरात मिरवणूक निघायची होती. चौकात बँड सूर लावत होता. ऑगस्टाबाईंनी वेसला लाकडं आणायला पिटाळलं आणि तिघांना वाळूच्या गाड्यापाशी बोलावलं. डेल्फिन एका चाकापाशी उभी राहिली, कॅल्विन दुसऱ्या चाकापाशी, आणि नेल मध्ये.

"कुऱ्हाड कुठे आहे ते मला कळलंय," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा. ती या पेटीत आहे."

"वाळूत?" कॅल्विन म्हणाला. "आधीच?"

"म्हणूनच कुणी पाहिलं नाही. परक्या माणसानं सगळ्यांत आधी इथेच हात घातला असता. आपण ससेक्सवाले मेलो तरी घालणार नाही. मी स्वतः तो ओला डाग पाहिला आणि मांजराच्या नावानं बोटं मोडत बसले. अरे, मांजर उकरतं ते चार बोटं! खालची ओली वाळू एवढी वर यायला माणसाचा हात कोपराच्या वर आत जावा लागतो."

"कुणाचा हात?" डेल्फिननं विचारलं.

"तुझा नाही. तुझा उजवा त्या सह्यांत अडकलाय, आणि डाव्या हातानं तुला चमचा धरता येत नाही. बर्टचा नाही, त्याचं पोट त्याला पेटीत एवढं वाकूच देणार नाही. वेसचा नाही, तो जिथे हात लावतो तिथे काजळी सोडतो. कॅलचा म्हणावा तर ही पेटी त्यानं जन्मभर भरलीय. ओली वाळू वर आली की काळी दिसते हे त्याला माहीत आहे. त्यानं वरून कोरडी वाळू पसरली असती."

चौकात बँडवाल्यांचा ढोल चालू होता.

"ज्यानं नेली त्यानं मखमल नीट केली, कडी लावली. त्याला कुऱ्हाड हरवायची नव्हती, तिच्यावर माया होती. आणि समुद्राच्या खारट ओल्या वाळूत ती गंजेल ही काळजीही त्यालाच. चोरीला गेलेल्या कुऱ्हाडीला तेल नीट लागलं होतं का, हे दुसरं कोण विचारील?" ऑगस्टाबाईंचा आवाज मऊ झाला. "नेल, बाळ, तुझा निळा कोट वाळत घातलायस ना? कॉफीनं बाही कोपरापर्यंत भिजत नाही गं."

नेल रडेल असं त्यांना वाटलं होतं. नेल रडली नाही. ती भडकली.

"हो, मी घेतली! आणि पुन्हा घेईन! तुम्हाला सगळ्यांना वाटतं, कुऱ्हाड पुरली की झालं. काय झालं? आज ही दोघं गाडीत बसणार, हात हलवणार, टाळ्या पडणार, आणि मग नियम! विषय काढायचा नाही! म्हणजे हा हिला कधी सॉरी म्हणणार? म्हणायची सोयच राहत नाही! आयुष्यभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारणार, आणि मी मध्ये बसून मीठ पुढे करत राहणार!" ती धापा टाकत होती. "म्हटलं, कुऱ्हाड हरवली की थांबावं तरी लागेल. थांबली तर बोलतील. आणि लांब कुठे टाकायला मन होईना, म्हणून तिच्याच जागी ठेवली."

इतक्या निवडणुका ऑगस्टाबाईंनी या दिवसाचे गोडवे छापले होते. हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"काढा आता तुम्हीच दोघांनी," त्या म्हणाल्या. "मी तिकडे बघते."

अर्थातच त्या तिकडे बघत नव्हत्या.

६

कॅल्विननं बाह्या सारल्या. डेल्फिननं डावा हात आत घातला. दोघं एकाच कोपऱ्यात उकरू लागली आणि एकमेकांच्या बोटांना लागताच मागे सरली, पुन्हा उकरू लागली.

"मी ते बोलायला नको होतं," कॅल्विन वाळूकडे बघत म्हणाला. "ते कुणी लिहून दिलं नव्हतं मला. माझंच होतं. दोन्ही वेळा मीच तुला घेऊन गेलो होतो, डेल. दुसऱ्या वेळी परत येताना तू काचेला डोकं टेकून बसली होतीस. ते मला ठाऊक होतं, आणि कुठे लागेल हे माहीत होतं म्हणून मी तिथेच मारलं."

डेल्फिनचा हात थांबला. ऑगस्टाबाईंना वाटलं, आता ही निघून जाते.

"मी तुला लगेच माफ करणार नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"नको करूस."

"आणि तूही मला करू नकोस. तो ओढा तुझा नव्हता. फोटो दुसऱ्याच राज्यातला होता. जाहिरात लागली आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं. मी ती बंद करायला सांगितली नाही. मतं येत होती, कॅल."

कॅल्विन सरळ उभा राहिला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती, पात्यावर तांबूस ठिपके चढायला लागलेले. नेलनं तोंडावर हात ठेवला. चौकातून बर्ट हिचेन्सचा आवाज येत होता, तो घोडेवाल्यांवर ओरडत होता. त्याला हवं असलेलं निमित्त इथे वाळूच्या गाड्यापाशी कॅल्विनच्या हातात येऊन पडलं होतं. कॅल्विननं नुसती हाक मारली असती तर संध्याकाळच्या आत वकील गोळा झाले असते.

त्यानं हाक मारली नाही. कुऱ्हाड कोटाच्या बाहीला पुसली, दांड्याकडून डेल्फिनच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाला, "चल. घोडे खोळंबलेत."

मिरवणूक निघाली. कॅल्विन घोड्यांकडे पाठ करून बसला, समोर डेल्फिन. दोघं फारसं हसत नव्हती. लोकांना वाटलं, अजून धुसफुसतायत. ऑगस्टाबाई मात्र पायरीवर उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांना ते न हसणारे चेहरेच जास्त आवडत होते.

मग सगळे व्यासपीठावर चढले. वाळूची पेटी पुढे आणली. गाढववाल्यांच्या अध्यक्षबाईंनी दांडा धरला, बर्टनं हात पुढे केला, तेवढ्यात डेल्फिन ध्वनिक्षेपकापाशी गेली. कार्यक्रमात हे नव्हतं.

"पुरण्याआधी मला एक सांगायचंय, नंतर सांगता येणार नाही. तो ओढा कॅल मेसिकचा नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. ज्यांनी त्या ओढ्याकडे बघून मला मत दिलं, त्यांना मी फसवलं. कॅलचा ओढा स्वच्छ आहे. मी त्यात पोहायला शिकले."

मागून कुणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?" आणि ते ओरडणं तिनं मान खाली न घालता ऐकून घेतलं. वॉशिंग्टनला जाणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि ऑगस्टाबाईंना रडू आवरेना. भाचीचा इतका अभिमान त्यांना मंगळवारी रात्रीही वाटला नव्हता.

बर्टनं दांड्याऐवजी कॅल्विनचा दंड पकडला. "ऐकलंस? सगळ्या गावासमोर! ही जागा तुझी आहे, गाढवा! आज अर्ज टाकला तर..."

"बर्ट," कॅल्विन म्हणाला, "दांडा धर."

"पण कॅल..."

"मीही एक बोललो होतो सगळ्या गावासमोर. त्याची मोजणी कुठे मागू? धर दांडा."

बर्टनं त्याच्याकडे पाहिलं, नव्या सदऱ्याची बटणं चाचपली, एक मोठा उसासा टाकला आणि दांडा धरला. कुऱ्हाड वाळूत गेली. आधी एकट्या नेलनं टाळी वाजवली, मग वेसनं, मग हळूहळू चौकानं.

डेल्फिन अजून ध्वनिक्षेपकापाशीच होती. डोळे पुसून ती पुन्हा बोलायला लागली, "आणि आणखी एक, त्या जाहिरातीचा खर्च..."

कॅल्विननं पुढे होऊन तिचा न मोडलेला हात धरला.

"बस झालं, डेल," तो म्हणाला. "उरलेलं घरी जाऊन भांडू."